बाबूचे दोन ‘नको’

‘ताई, आम्ही माशेलला राहतो. घरी सासू-सासरे, दीर-जाऊ, सगळे एकत्र. माझा मुलगा ५ वर्षांचा. २ वर्षांचा असताना चतुर्थीला त्याने मणगणं (काजू घातलेली चणाडाळीची खीर) खाल्लं आणि दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, उलटी झाली, खोकला सुटला. डॉक्टरांनी तपासून काजूची ॲलर्जी सांगितली. पुढे सुंगटांचंही, म्हणजे कोळंबीचंही, तेच निघालं. त्याशिवाय त्याच्या खाण्याच्या तऱ्हा वेगळ्याच. पेज खायचा, पण शितं वेगळी आणि निवळ वेगळी. उंड्याची वरची पापडी खातो, आतला मऊ पाव काढून ठेवतो. एकाच कंपनीचं बिस्कीट, तेही अख्खं. तुटलेल्याला हात लावत नाही. वेफर, चपाती, दूध. बस. भाजीच्या वासानेही त्याला ओकारी येते. एका लॅबमध्ये ९० पदार्थांची रक्ततपासणी केली, तर गहू, दूध, तांदूळ धरून २३ पदार्थ बंद करा म्हणून आलं. मग राहिलं काय? त्यात मागच्या महिन्यात सासूबाईंनी सवय व्हावी म्हणून पेजेत चिमूटभर गालम्याची (सुकवलेल्या बारीक सुंगटांची) पूड घातली. त्याने पहिलाच घास थुंकला, ओठांभोवती लाल झालं, डॉक्टरांनी दिलेल्या औषधावर भागलं. पण तेव्हापासून त्याने पेजही सोडली. घरचे म्हणतात, दोन दिवस उपाशी ठेव, आपोआप खाईल. मी कुठे चुकतेय का? – एक आई’

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या घासापाशी थांबले, म्हणून आधी त्याबद्दलच लिहिते. बाबूने तो घास थुंकला म्हणून त्या दिवशी निभावलं. तोंडात नको ते आलं की बाहेर काढायचं, ही त्याची जी सवय घरात सगळ्यांना खोड वाटत असेल, तिनेच त्याला वाचवलं. ‘थुंकायचं नाही, गीळ’ हे आपण त्याला शिकवलं आणि तो खरंच शिकला, तर उद्या कुणाच्या वाढदिवसाच्या केकमध्ये काजू दाताखाली आल्यावर तो काय करील?

तुम्ही चुकत नाही आहात. फक्त घरात बाबूचा प्रत्येक ‘नको’ हट्ट म्हणून एकाच टोपलीत पडतोय, आणि ते ‘नको’ दोन आहेत. काजू आणि सुंगटांचा ‘नको’ त्याच्या शरीराच्या संरक्षण-यंत्रणेचा आहे. तिथे घरच्या घरी सवय लावणं, थोडंसं चाखवणं, काही चालत नाही, आणि तो पाळायची जबाबदारी पूर्णपणे मोठ्यांची. भाजीचा, मऊ पावाचा, तुटक्या बिस्किटाचा ‘नको’ जिभेचा, नाकाचा, बोटांचा आहे. तिथे वाट निघते, पण हळू, आणि चालायचं बाबूने. अडचण अशी की बाबूला स्वतःला हे दोन वेगळे करून सांगता येत नाहीत. पाच वर्षांचं मूल ‘मला ॲलर्जी होतेय’ म्हणत नाही. ते म्हणतं ‘जीभ जाड झाली’, ‘घशात केस अडकला’, ‘तोंडात मुंग्या’. किंवा काहीच न बोलता ताट ढकलतं. म्हणून त्याच्या तोंडावर विश्वास ठेवायचा, हा माझा पहिला आणि सगळ्यात कळकळीचा सल्ला.

आता तो २३ पदार्थांचा कागद. तो हाताशी असेल तर पाहा, त्यावर ‘आयजीजी’ लिहिलंय का. अशा मोठ्या पॅनलमध्ये बहुधा तेच असतं. आयजीजी ही प्रतिपिंडं आपण जे नेहमी खातो त्याविरुद्ध कुणाच्याही रक्तात सापडतात. तांदूळ खाणाऱ्या मुलाच्या रक्तात ती तांदळाविरुद्ध दिसली, तर एवढंच कळतं की मूल तांदूळ खातं. ॲलर्जीच्या निदानासाठी ही तपासणी वापरू नये, असं ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी स्पष्ट सांगितलेलं आहे. ॲलर्जीशी संबंध असलेलं प्रतिपिंड वेगळं, ते आयजीई. तेही नुसतं कागदावर वाढलेलं दिसलं म्हणून पदार्थ बंद करायचा नसतो; खाल्ल्यावर काय झालं, किती वेळात झालं, हे डॉक्टर आधी विचारतात. बाबूच्या काजूची कहाणी दहा मिनिटांत ओठ सुजल्याची आहे, तिथे शंकेला जागा नाही. पण गहू, दूध तो रोज खातोय, तांदूळही पेज सोडेपर्यंत खात होता, आणि त्याला काही झालं नाही. ज्या मुलाच्या ताटात पाच-सहाच पदार्थ आहेत, त्यातले तीन एका कागदावरून काढून घेणं हा त्याच्यावर अन्याय आहे. डॉक्टरांना तो कागद जरूर दाखवा, पण तोवर ताटातलं काही कमी करू नका.

डॉक्टरांकडे जालच, तेव्हा वजन-उंचीचा तक्ता, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), ड आणि बी-१२ जीवनसत्त्व, हेही विचारा. लोह कमी पडलं की भूकच मरते, आणि घरचे समजतात पोर जास्तच नखरे करतंय. दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर जात असेल तर तेही पोट भरून टाकतं. शौचाला कडक होत असेल तर तेही सांगा.

गोव्यात काजू आणि सुंगटं टाळायची म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. इथे तिजणावर काजू, नेवरीच्या सारणात काजू, दोदोलावर काजू, पाहुणा आला की वाटीत काजू. हॉटेलातल्या पांढऱ्या, दाट रश्श्यात काजूची पेस्ट असते, ती दिसतही नाही. काजूबरोबर पिस्ताही बंद ठेवा. दोघांची प्रथिनं इतकी सारखी की काजू न चालणाऱ्या बहुतेकांना पिस्ताही चालत नाही. पिस्ता आइस्क्रीम, पिस्ता बर्फी कुणी ‘यात काजू नाही’ म्हणून पुढे करील, तेव्हा हे लक्षात असू द्या. नारळ मात्र उगाच बंद करू नका. तो बाबूला आजवर चाललाय ना? मग काजू चालत नाही एवढ्यावरून नारळ जात नाही. नारळ गेला तर आपल्या रांदपात उरतं काय?

सुंगटांचं थोडं वेगळं. त्यातलं ज्या प्रथिनाने त्रास होतो ते शिजवल्याने, तळल्याने, उन्हात वाळवल्याने मरत नाही. म्हणून गालमो ‘सुका आहे, चिमूटभर आहे’ हा दिलासा खोटा. कुर्ल्या, शेवंडांतही तेच प्रथिन, तेही बंद. तिसऱ्या-खुबे वेगळ्या जातीचे, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. मासेमारी बंद असते त्या जून-जुलैत, पुरुमेताचा (पावसाळ्याच्या बेगमीचा) डबा उघडला की घरात किसमूर, म्हणजे गालम्याची कोशिंबीर, होतेच. गालमो तव्यावर भाजताना उठणाऱ्या वाफेनेही काही मुलांना खोकला, शिंका, डोळ्यांना खाज येते. त्या वेळी बाबूला पडवीत किंवा शेजारी न्या, आणि तो तवा त्याच्या चपातीला वापरू नका. बाहेर जेवायला गेलात तर फिश थाळीच्या कोपऱ्यात किसमूर असतेच. ताट आल्यावर वाटी उचलून बाजूला ठेवणं पुरेसं नाही, ती मुळात ताटात येऊ नये म्हणून आधीच सांगा.

काट्यांची मासळी मात्र वेगळी. सुंगटं चालत नाहीत म्हणून इसवण, मुडदुशी चालत नाही असं नाही. डॉक्टरांनी हो म्हटलं तर मुडदुशी या मुलाला आवडायची शक्यता आहे, कारण रवा लावून तळली की ती वरून कुरकुरीत. पण तेल नवं, तवा वेगळा, आणि नुस्तेकाराच्या पाटीत सुंगटांशेजारी पडलेली मासळी नको.

पाकिटांबद्दल एक. २०२० च्या अन्न सुरक्षा नियमांप्रमाणे पाकिटावर काही ॲलर्जीकारक घटक स्पष्ट लिहावे लागतात. सुकामेवा आणि शेंगदाणे, कवचाची मासळी, मासळी, दूध, अंडं, सोया, ग्लुटेनवाली धान्यं ही त्यात येतात. बाबूचं ते एकच बिस्कीट रोजचं असलं तरी प्रत्येक नव्या पाकिटावर ते वाचा, कारण कंपनी कधीही कृती बदलते. सुटी मिठाई, बेकरीतला सुटा माल यावर असलं काही लिहिलेलं नसतं. तिथे विचारायचं, आणि उत्तर गुळमुळीत आलं तर घ्यायचं नाही.

पुढचं सावकाश वाचा, आणि घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखवा. दोन वर्षांचा असताना बाबूला जे झालं, गांधी, सूज, उलटी, खोकला, सगळं एकदम, त्याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. त्यावरचं खरं औषध एकच, ॲड्रेनालिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, स्नायूत. ॲलर्जीचं सिरप खाज कमी करतं, श्वास वाचवत नाही. तुम्ही लिहिलंय ‘औषधावर भागलं’, ते सिरपच असणार. तेव्हा नशीब बरं होतं. परदेशात आपोआप टोचणारं पेन मिळतं, आपल्याकडे ते सहज मिळत नाही. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा: घरी ॲड्रेनालिन ठेवायचं का, किती मात्रा, सिरिंजमध्ये कसं भरायचं, आणि ते माझ्याकडून, माझ्या नवऱ्याकडून, जावेकडून इथे तुमच्यासमोर करून घ्या. ते एका कागदावर लिहून मागा आणि फ्रीजवर लावा. आवाज घोगरा झाला, धाप लागली, शिटीसारखा श्वास आला, मूल एकदम मलूल झालं, तर वाट बघायची नाही. इंजेक्शन, लगेच १०८, आडवं झोपवून पाय वर. श्वासच घेता येत नसेल तर बसू द्या, पण उभं करून चालवू नका. बरं वाटलं तरी इस्पितळात न्यायचंच, कारण काही तासांनी त्रास पुन्हा उलटू शकतो.

तुम्हाला एक भीती असेल: त्याला तर भाजीच्या वासानेही ओकारी येते, मग खरी वेळ ओळखायची कशी? वासाची, स्पर्शाची ओकारी घास बाहेर पडला की थोड्या वेळात ओसरते. ॲलर्जी घास बाहेर पडल्यावरही वाढत जाते आणि दुसरीकडे दिसते, कातडीवर, ओठांवर, आवाजात, श्वासात. शंका आली तर ॲलर्जी समजूनच वागा.

आता दुसऱ्या ‘नको’कडे. उपाशी ठेवायचा सल्ला तुम्ही मानला नाहीत, हे फार चांगलं केलंत. साधं खोडकर मूल भूक लागली की येतं. बाबूसारखं मूल भुकेने आणखी घाबरतं, आणि घाबरलेल्या मुलाला घास जास्तच टोचतो. अशा मुलांचं वजन खरोखर उतरतं. आहार इतका आक्रसला असेल तर त्याला वैद्यकातही नाव आहे, ‘एआरएफआयडी’, २०१३ पासून. ते बाबूला आहे असं मी म्हणत नाही, पण बालरोगतज्ज्ञांना आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टना दाखवण्याइतपत लक्षणं नक्की आहेत.

बाबूची यादी मी पुन्हा वाचली. पापडी, अख्खं बिस्कीट, वेफर, वेगळी शितं, वेगळी निवळ. यात एक सूत्र आहे, बघा. हे सगळं प्रत्येक घासाला तसंच लागतं. बिस्कीट कालच्यासारखंच आज. उलट केळं एक दिवस कडक, एक दिवस गुळगुळीत, मध्ये काळा डाग. भाजीत तर तीन-चार प्रकार: बटाटा मऊ, मोहरी टचकन, कोथिंबीर टाळूला चिकटलेली. पेजेत शीत आणि पाणी एकत्र आलं की जिभेला कळत नाही, चावायचं की प्यायचं. पाव आतून ओला, चिकट. बाबू नखरे करत नाही, तो पुढच्या घासात काय येणार याचा अंदाज बांधतोय.

माझी धाकटी नारळाचा चोथा तोंडात आला की रडायची. मी तिची हनुवटी धरून घास भरवलेत, हे लिहिताना आजही हात थबकतो. त्यानंतर कितीतरी दिवस ती माझ्या ताटाशेजारी बसायचीच नाही. शेवटी मी वाटण गाळायला लागले. सहा महिन्यांनी तिने एकदा स्वतःहून न गाळलेल्या कढीत बोट बुडवून चाटलं. मी काही बोलले नाही, नुसती वाढत राहिले.

तेव्हा नव्या पदार्थाची उडी मारायला लावू नका, जे चालतं त्याच्या शेजारचं ठेवा. उंड्याची पापडी चालते, बिस्कीट चालतं, तर पोदेराची (पाववाल्याची) कांकणं, म्हणजे बांगडीसारखे कडक पाव, चालायला हरकत नाही. कडक, कोरडी, आतून-बाहेरून सारखी. कांकणानंतर कडक भाजलेल्या पोईची (कोंड्याच्या चपट्या पावाची) कड, मग त्याच पोईचा जरा आतला भाग. एका पायरीवर आठवडे गेले तरी जाऊ द्यात. नवा पदार्थ मुलाने स्वीकारण्याआधी दहा-पंधरा वेळा तरी समोर यावा लागतो, आणि बाबूसारख्याला त्याहून जास्त. ‘समोर येणं’ म्हणजे खाणं नव्हे. ताटाशेजारच्या वेगळ्या बशीत ठेवलं, त्याने पाहिलं, झालं. दुसऱ्या दिवशी हाताळलं, मोडून आवाज ऐकला, वास घेतला, तेही झालं. चाटून परत ठेवलं तरी शाबास म्हणू नका, ‘अरेरे’ही म्हणू नका. कौतुकाचाही काही मुलांना दाब वाटतो. काय वाढायचं, केव्हा आणि कुठे, हे तुम्ही ठरवा. खायचं की नाही आणि किती, ते बाबूने ठरवायचं. प्रत्येक जेवणात त्याच्या खात्रीचं निदान एक असू द्या, म्हणजे तो उपाशी उठणार नाही. नव्या जिनसा आठवड्याला एक, त्याहून घाई नको, म्हणजे काही झालंच तर कशाने ते कळेल.

एकसारखं गुळगुळीत त्याला चालत असेल तर तिजण करून पाहा, नाचणीचं सत्त्व गाळून, काजू न घालता. रंग पाहून पहिले काही दिवस नको म्हणेल.

पेज कशी परत आणायची? तिला आत्ता हात लावू नका. त्याचा भरवसा असलेल्या जिन्नसात कुणीतरी काही लपवलं, हे त्याला कळलंय. लपवून भाजी घालणंही याच कारणासाठी नको: एक सापडली की मुलं पूर्ण पदार्थच टाकतात, आणि बाबूकडे टाकायला फार पदार्थ नाहीत. काही दिवसांनी बाबूच्या देखत तांदूळ धुवा, त्याच्या देखत शिजवा, नवा वाडगा त्यालाच निवडू द्या, निवळ त्यालाच ओतू द्या. आणि त्याच भांड्यातली पेज आधी आजींनी त्याच्यासमोर प्यावी.

हो, आजींनीच. मला त्यांच्यावर रागवायचं नाही. ‘इल्लेशें खा, कांय जावचें ना’ (थोडंसं खा, काही होणार नाही) म्हणत आपल्या आधीच्या पिढ्यांनी पोरं वाढवली, आणि ते मायेपोटीच. थोडंथोडं देऊन सवय करायची त्यांची कल्पनाही अगदीच निराधार नाही. असा उपचार आहे, अमेरिकेत २०२० मध्ये शेंगदाण्याच्या एका पावडरला त्यासाठी मान्यता मिळाली. पण त्यात पहिली मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजलेली, ती आणि प्रत्येक वाढीव मात्रा तज्ज्ञांसमोर, शेजारी ॲड्रेनालिन. पेजेच्या वाडग्यात चिमूट हा तो उपचार नव्हे. हे त्यांना तुम्ही सांगण्यापेक्षा डॉक्टरांनी सांगू द्या, त्यांना बरोबर घेऊन जा. घरी मात्र तुम्ही एवढंच म्हणा: ‘आई, तुम्ही त्याच्या भल्यासाठीच केलंत. पण त्याला काही झालं तर तुम्हालाच जन्मभर लागून राहील. आता त्याचा डबा तुम्हीच सांभाळा.’ आणि खरंच सांभाळायला द्या. चतुर्थीच्या नेवऱ्यांचा पहिला घाणा काजूविना, नव्या तेलात, त्यांच्या हातचा, लाल दोरा बांधलेल्या डब्यात. घरात कुणीही बाबूला काही देण्याआधी आजींना विचारायचं. तो नेवरीचं सारण खाणार नाही, कुरकुरीत कडाच खाईल. खाऊ द्या.

शाळेचं थोडक्यात. फ्रीजवरच्या कागदाची एक प्रत बाईंना, एक मुख्याध्यापकांना द्या. माध्यान्ह आहार रांधणाऱ्या बायकांनाही स्वतः जाऊन भेटा, त्या सहसा मनावर घेतात. डबा घरचाच द्या. वाढदिवसाची चॉकलेटं बाबूने घरी आणायची, तुम्ही पाकीट वाचायचं. त्याला एक वाक्य पाठ करून द्या, ‘आजीला विचारून खाईन’.

उद्या सकाळी पोदेर आला की त्याला आधी विचारा, काजू-केकचे ट्रे याच भट्टीत लागतात का. नाही म्हणाला तर दोन कांकणं घ्या, एक तुमच्यासाठी आणि एक बाबूच्या बशीशेजारी. तुमचं तुम्ही मोडा, तो आवाज बाबूला ऐकू जाऊ दे. आणि डॉक्टरांकडे जाऊन आलात की मला लिहा, ॲड्रेनालिनबद्दल काय सांगितलं ते विशेष करून.

तुमची,
ताई